चार्ज देताना

रिक्षा सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली आणि मायाक्काला मल्लव्वा दिसली. मल्लव्वा बारा फूट उंच होती. अंगावर शाल, हातात गुच्छ आणि नुकतीच बसवलेली कवळी पुरेपूर वापरात. तिच्याही वर, ढगांना लागून, गॉगल घातलेले एक साहेब हात जोडून उभे होते. त्यांचा वाढदिवस होता. सोलापुरात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो आणि तो सगळ्या गावाने मान वर करून साजरा करायचा असतो. मुलीच्या बाळंतपणासाठी दीड महिना पुण्यात काढल्यामुळे मायाक्काचे असे पन्नासेक वाढदिवस बुडाले होते, म्हणून तिने जरा हौसेनेच मान वर केली. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला कुठलाही कागद वरून खाली वाचायची सवय असते. मधलं काही गाळलं तर कुणीतरी दगावतं. तसाच तिने फ्लेक्स वाचला. साहेबांचं नाव, साहेबांच्या उपाध्या, परिचारिका भगिनी मंडळाच्या अध्यक्षा मल्लव्वा सिस्टर, आणि मग पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं : ‘आफ्रिकेच्या धर्तीवर सोलापुरात प्रथमच! परिचारिकांसाठी क्षयरोग उपचार केंद्र. भव्य उद्घाटन.’ त्याखाली दोन ओळींत अकरा गोल, प्रत्येक गोलात एक बाई, आणि गोलांखाली ‘आमच्या लाभार्थी भगिनी’. मायाक्काने ते गोल डावीकडून उजवीकडे पाहिले, मग उजवीकडून डावीकडे पाहिले. ती स्वतःला शोधत होती. ती वर नव्हती, खाली नव्हती, कोपऱ्यात छापखान्याचा फोन नंबर होता तिथेही नव्हती. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं. त्यानंतर, म्हणजे चांगल्या दोन-तीन श्वासांनंतर, तिला खालच्या ओळीतली तिसरी बाई दिसली. बाई कसली, दोन वेण्यांची पोरगी, शाळेच्या फोटोतली. ती सोनाली होती. ते दोन-तीन श्वास मायाक्का पुढे दिवसभर मोजत राहिली.

“आपल्या शिवणक्लासच्या बाया की गं ह्या,” शेजारून तिचा नवरा म्हणाला. बिभीषण तिला घ्यायला स्टेशनवर आला होता आणि डिंकाच्या लाडवांचा उरलेला डबा मांडीवर धरून बसला होता. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून तो निवृत्त झाला त्याला सात वर्षं झाली होती, पण अजून तो कुठल्याही वस्तूकडे बघताना तिचा कोणता पार्ट गळालाय तेवढंच बघायचा. “तुजा फोटो न्हाय,” तो म्हणाला. “क्षयरोग म्हणं. मला वाटलंच हुतं. दोन वर्सं क्लास चालला, पर माज्या पायजम्यात नाडी घालायला कुणी तयार न्हाय. तवाच म्हणलं, ही साळा येगळी हाय.” मायाक्काने त्याच्याकडे पाहिलं. “मग विचारलं का नाहीत कधी?” “सांगण्यासारकं असतं तर तू सांगितलं असतंस की,” बिभीषण म्हणाला आणि डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या बसवाल्याने हॉर्न वाजवला, रिक्षा निघाली, आणि मल्लव्वा हसत हसत मागे गेली. मायाक्काने पर्समधून फोन काढून सोनालीला लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. पुन्हा त्या बाईने मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं की बंद आहे. तीन भाषांत सांगितल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही.

तो शिवणक्लास खरं म्हणजे आफ्रिकेतून आला होता. मायाक्काच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मंडळाला एक पत्र आलं होतं : दक्षिण आफ्रिकेच्या शेजारी एक देश आहे, नकाशावर अंगठा ठेवला तर सगळा झाकतो, तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आठ दिवस पाहुण्या बोलावल्या होत्या. जायचं होतं मल्लव्वाला, ती अध्यक्षा. पण मल्लव्वाला विमानाची भीती वाटायची. तसं न सांगता तिने, माझ्यामागं व्याप लई हाय, तूच जा, असं सांगितलं होतं. आणि मायाक्का गेली होती. मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरांमागे फिरलेल्या बापाची पोरगी, तिला तो देश बघून पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की इथं मेंढरं राखायला चांगली जागा आहे. गवताच्या टेकड्या होत्या, लोकर पांघरलेले लोक होते. संघटनेचं ऑफिस दोन खोल्यांचं. तिथल्या चिटणीस नोम्सा सिस्टर अंगाने आडव्या आणि आवाजाने उभ्या. त्यांची संघटना पगारासाठी भांडायची, बदल्यांसाठी भांडायची, मंत्र्याच्या दारात गाणी म्हणत उभी राहायची. हे सगळं मायाक्काला ओळखीचं होतं, गाणी सोडून. पण ऑफिसच्या मागे एक तिसरी खोली होती. नोम्सा म्हणाली होती, आमच्याकडे एक काळ असा आला की क्षयाने रोग्यांच्या आधी नर्सेस मरायला लागल्या. औषध होतं, पण ज्या रांगेला आपण रोज गोळ्या वाटतो त्या रांगेत उभं कसं राहायचं? लाजेने मेल्या. मग संघटनेने ही खोली केली. खोलीवर पाटी नव्हती. येणारी बाई खिडकीशी म्हणायची, संघटनेचं मासिक न्यायला आले. आतली म्हणायची, या अंकाला जरा वेळ आहे, आत बसा. वहीत नाव नाही, नुसते आकडे. वही ठेवणारी बाई एकच, आणि ती बदलताना नवीला फक्त वही मिळते, बाकी काही नाही. मायाक्काने विचारलं होतं, मग कोण कोण ते तिला कळतं कसं? नोम्सा हसली होती. ज्या येतात त्या आपणहून तोंड दाखवतात, ती म्हणाली, दाखवायचं का नाही ते त्यांचं. मायाक्काला हे लई पटलं होतं. इतकं पटलं की परत येताना विमानात ती रडली आणि शेजारच्या माणसाने हवाई सुंदरीला बोलावलं.

सोलापुरात मासिक चाललं नसतं. मंडळाचं मासिक न्यायला कुणी येतं यावर पोरांनीही विश्वास ठेवला नसता. म्हणून शिवणक्लास. जुन्या मिलच्या चाळीत मंडळाची खोली होती, तिथे मायाक्काने निवृत्तीनंतर एक मोडकं मशीन ठेवलं, भिंतीवर ब्लाउजच्या गळ्यांचा तक्ता लावला, आणि छातीच्या वॉर्डात खोकणाऱ्या, वजन उतरलेल्या, दुपारी अंग कोमट लागणाऱ्या नर्सेसना एकेक करून कानात सांगितलं. सरकारी नोंद व्हायची ती सरकारात गुपचूप व्हायची, तिथला डॉक्टर भला होता. पण गोळ्यांसाठी रांगेत मायाक्का उभी राहायची. एकटी, अकरा जणींची. सकाळी ड्यूटीआधी किंवा ड्यूटीनंतर एकेक येऊन तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळून जायची. नियमच तसा आहे. देणाऱ्याने गिळताना बघायचं, मग तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई क्लास, पोरी येतात पाच मिनिटं आणि जातात. मायाक्का म्हणायची, हल्ली सगळं फास्ट झालंय. सोनाली सातवी. कंत्राटी नर्स, सांगोल्याकडची, विडी घरकुलात भाड्याची खोली. कंत्राटीला आजारी पडायचा हक्क नसतो. तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं आणि टीबी सहा महिन्यांचा, तेव्हा एकमेकांत बसवता येईल, असं तीच पहिल्या दिवशी म्हणाली होती. मग गंभीर होऊन म्हणाली होती, “पर सिस्टर, कळलं तर मला काढत्यात. आन् खोली बी जाती. आन् गावाकडं तर बोलायलाच नगं.” मायाक्का म्हणाली होती, “कुणाला कळत नाही. मी आहे ना.” आता तिचा चौथा महिना चालू असायला हवा होता. गोळ्या मध्येच सुटल्या की काय होतं ते मायाक्काने चौतीस वर्षं पाहिलं होतं. आजार परत येतो, आणि या खेपेला शिकून येतो.

“तुम्ही सामान घेऊन घरी जावा,” तिने बिभीषणला सांगितलं, “मी मल्लूकडं जाऊन येते.” तो म्हणाला, “भांडायला चाललीस व्हय?” ती म्हणाली, “विचारायला.” “मग लाडू ने,” बिभीषण म्हणाला, “त्वांडात काय तरी असलं की माणूस खरं बोलतंय.” तिने लाडू नेले नाहीत. होटगी रोडला दुसऱ्या रिक्षात बसल्यावर तिने रागाची तयारी सुरू केली, पण राग नीट पेटेना. सारखी मध्ये ती लिननची खोली यायची. मायाक्का तेव्हा सत्तावीसची, अजून लग्न व्हायचं होतं, आणि सरकारी दवाखान्याच्या लिननच्या खोलीत चादरी मोजताना तिला खोकला आला होता आणि पांढऱ्या चादरीवर रुपयाएवढा लाल डाग पडला होता. मल्लव्वा शेजारीच होती. दुधनीची, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरणारी, तेव्हा काठीसारखी बारीक. तिने डागाकडे पाहिलं, मायाक्काकडे पाहिलं, चादर गोळा करून थेट धुण्याच्या हौदात टाकली आणि म्हणाली, “ही मोजायची न्हाय. ही फाटली.” पुढचे नऊ महिने मल्लव्वाच्या जेवणाच्या डब्यात शेंगाचटणीच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या असायच्या. मायाक्काच्या वाट्याच्या जड ड्यूट्या मल्लव्वाने केल्या, मेट्रनला खोटं सांगितलं, एकदा तर मायाक्काचा एक्स-रे स्वतःच्या नावाने काढून घेतला आणि मग स्वतःच्या नावाचा तो खराब एक्स-रे बघून स्वतःच घाबरली. नऊ महिने. कुणाला कळलं नाही. मायाक्काचं लग्न झालं, मुलगी झाली, बढती झाली. कुणाला कळलं नाही. बिभीषणला अजून ठाऊक नव्हतं. किंवा असेल, त्याचं काही सांगता येत नाही. ज्या बाईने एवढं गुपित तीस-बत्तीस वर्षं पोटात ठेवलं तिच्या पोटातून अकरा गुपितं दीड महिन्यात बाहेर पडतात, आणि तीही बारा बाय वीसच्या मापात, हे कसं? वही कुणीतरी चोरली असेल. पण वहीत तर नुसते आकडे होते. मायाक्का इथपर्यंत यायची आणि पुढे मन जायला नको म्हणायचं, म्हशीने वाटेत पाय रोवावेत तसं.

मल्लव्वाने दार उघडलं आणि कवळी चमकली. “यव्वा! आजीबाई आल्या! काय झालं गं, पोरगं का पोरगी?” “पोरगी.” “चांगलं झालं की. बस. कडक भाकरी हाय, दही हाय, चटणी हाय.” मायाक्का बसली नाही. “मल्लू, सात रस्त्याला मी तुझा फ्लेक्स बघितला.” “कसा झालाय? शाल जरा जास्त पिवळी आलीया न्हाय?” “त्या पोरींचे फोटो कुठून आले?” “ओळखपत्राचे. मंडळाचं ओळखपत्र करायचं म्हणून मागवले हुते न्हवं का, तेच.” ती हे इतकं सरळ म्हणाली की मायाक्काला आपलाच प्रश्न आगाऊ वाटला. मल्लव्वाने पदराने हात पुसले आणि खुर्चीत बसली. गुडघे आता तिला उभं राहू देत नव्हते. “हे बघ, तू रागावणार मला म्हाईत हुतं. तू पुण्याला गेलीस आन् आठ दिवसांत खोलीला नोटीस आली. चाळ साहेबांच्या ट्रस्टकडं गेली. खाली करा म्हणाले. मी गेले साहेबांकडं. म्हणलं, हितं आमी गरीब नर्सेसची सेवा करतो. ते म्हणाले, कसली सेवा? शिवण? म्हणलं, न्हाय, टीबी. साहेब लई खूश झाले. आफ्रिका म्हणल्यावर तर उठून उभे ऱ्हायले. म्हणाले, खोली देतो, कपाट देतो, पाटी देतो, पर लाभार्थी दिसले पायजेत. लाभार्थी न दिसता कोण काय देतंय गं आजकाल? कुलूप लागलं असतं तर तू गोळ्या कुटं ठिवणार हुतीस? तुज्या आफ्रिकेत?”

मायाक्काला वाटलं, हिच्या म्हणण्यात खोट कुठे आहे ते आपल्याला लगेच सापडायला हवं, पण सापडत नव्हतं; प्रत्येक वाक्य आपापल्या जागी निरोगी होतं, रोगी मात्र मेला होता. “आता किती येतात गोळ्या घ्यायला?” तिने विचारलं. मल्लव्वा कवळीवरून जीभ फिरवत राहिली. “फ्लेक्स लागल्यावर पयल्या दिवशी तिघी आल्या. मग सहा दिवस झाले, कुणी न्हाय. येतील की. लाजत्यात. आता एवढं काचेचं कपाट केलंय.” “आणि गोळ्या?” “त्या कपाटात न्हायत. कपाटाची किल्ली साहेबांच्या पीएकडं ऱ्हायली, त्यो तिरुपतीला गेलाय. कपाटात नुसती खोकी लावल्यात, दिसायला. गोळ्या घरी आणून ठिवल्या.” तिने कोपऱ्यातल्या टेबलाखालचा डबा दाखवला. शिवणाची रिळं-बॉबिन ठेवायचा जुना पत्र्याचा डबा. मायाक्काने तो उचलला. झाकणाखाली पट्ट्या होत्या, रबर लावलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीवर आकडा, तिच्याच अक्षरातला. सहा दिवस. अकरा जणी. तिच्या डोक्यात गुणाकार झाला आणि तिने तो पुसून टाकला.

“एक सांग,” ती म्हणाली. “माझा फोटो का नाही टाकलास?” हे आपण विचारणार नाही असं तिने रिक्षात ठरवलं होतं. मल्लव्वाच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य आलं, आणि पाठोपाठ एक जुनी माया, लिननच्या खोलीतली. “तुजा कसा टाकू गं? साहेबांची माणसं इचारत हुती, ही कल्पना कुणाची, त्यांना बी बोलवा, त्यांना कशी सुचली, सोता आजारी हुत्या का? म्हणलं न्हाय बा, तिचा संबंध न्हाय. तुज्यापतुर काय जाऊ दिलं न्हाय मी. बत्तीस वर्सं सांभाळलंय, आता फुटू देईन व्हय?” “आणि ह्या अकरा?” मायाक्का म्हणाली. मल्लव्वाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने उन्हाळ्यात स्वेटर मागितला. “त्या काय माज्या मैत्रिणी हायत?”

पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मायाक्का डबा छातीशी धरून उभी होती आणि तिला पहिल्यांदा या बाईची, जिच्या डब्यातल्या गोळ्यांवर ती जगली होती, भीती वाटली. “त्यांची नावं तुला कळली कुठून?” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज तिलाच पोकळ ऐकू आला. “वहीत आकडे होते.” मल्लव्वा आता दुखावली. “आता हे बरं हाय! तूच की सांगितलीस. मी इचारलं तरी हुतं का? किल्ली दे म्हणलं नुसतं. तूच हिथं, ह्याच खुर्चीत बसून, एक नंबर अमकी, दोन नंबर तमकी. मी भाजी निवडत हुते. तू थांबंनास. शेवटी मीच कागद घेतला, म्हणलं एवढं सांगतीया तर लिहून घ्यावं.”

म्हशीने पाय उचलला. पुण्याला जायच्या आदल्या दिवशीची दुपार होती. किल्ली आणि वही द्यायला ती आली होती, तेवढंच द्यायचं होतं. पण वही पुढे करताना तिची पाठ आपोआप ताठ झाली आणि तोंड सुरू झालं. चौतीस वर्षं रोज, ड्यूटी संपताना, नव्या सिस्टरला चार्ज द्यायचा तो असाच : बेड तीन, ताप उतरला, पाणी पाजा. बेड पाच, मुलगा सांगतो दारू सोडली, सोडलेली नाही. बेड आठची बायको माहेरी निघून गेलीय, त्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. बेड बारा, संध्याकाळपर्यंत. चार्ज देताना काही राखायचं नसतं, हे त्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. राखलं तर पुढच्या पाळीत माणूस मरतो. आणि चार्ज देऊन झाला की जी हलकी होते बाई! दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना अख्खा वॉर्ड दुसरीच्या डोक्यात असतो, आपल्या डोक्यात फक्त घरी भाजी काय करायची ते. तसंच तिने अकरा जणींना दिलं होतं. सात नंबर, सोनाली, कंत्राटी, विडी घरकुल, मळमळतं, केळं खाल्ल्यावर द्या, घरमालकिणीला संशय आहे. आणि मग ती बसस्टॉपकडे चालत गेली होती, हलकी होऊन. आता आठवलं की कशी हलकी होऊन. रस्त्यात तिने होणाऱ्या नातवंडासाठी झबलं घेतलं होतं, गुणगुणत. नोम्साने सांगितलं होतं की नवीला फक्त वही मिळते; मायाक्काने ते आठ दिवस मान डोलावून ऐकलं होतं, विमानात त्यावर रडली होती, आणि घरी येऊन जसं पहिल्यापासून करत आली तसं केलं होतं. “डबा नेते,” ती मल्लव्वाला म्हणाली. “ने की. आन् भाकरी तर खाऊन जा,” मल्लव्वा म्हणाली, “आपण काय भांडलो न्हाय न्हवं?” मायाक्का चपला घालत होती. “फ्लेक्स उतरव,” ती म्हणाली. “उतरतोय की उद्या. परवा दुसऱ्या साहेबांचा वाढदिवस हाय.”

विडी घरकुलापर्यंतच्या रस्त्यात तिने सोनालीला सांगायचं वाक्य तयार केलं. वाक्य चांगलं होतं. मल्लव्वा सिस्टरने विश्वासघात केला, मी पुण्याला होते, मला ठाऊकही नव्हतं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तिने ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते अधिक गुळगुळीत होत गेलं, नदीतल्या दगडासारखं. खालच्या ओसरीवर घरमालकीण मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. बोटं थांबली नाहीत, नजर वर आली. “कुणाकडं अक्का?” “सोनालीकडं.” “कोण तुम्ही तिच्या?” “शिवणक्लासच्या.” बाईने हातातली विडी पुरी वळली. “माझा जावई बघून आला, त्या पोरीचा फोटो सात रस्त्याला लागलाय. टीबीचं काय तरी लिहिलंय म्हणतो. माझ्या घरात लहान लेकरं आहेत अक्का, मी खरं सांगते, असलं असेल तर खोली खाली करावी लागंल.” मायाक्का खोटं बोलायला शिकली होती ती छातीच्या वॉर्डात, नातेवाइकांशी. तिथला चेहरा तिने इथे लावला. “वाढदिवसाचा फ्लेक्स आहे तो,” ती म्हणाली. “खाली गोलात असतात ते शुभेच्छुक असतात.” “लाभार्थी लिहिलंय म्हणाला.” “छापणाऱ्याला काय कळतंय? मागच्या कामातलं जे तयार असतं ते लावून देतो.” बाईची बोटं थांबली. तिने मान हलवली. छापणाऱ्यांविषयी तिचाही काही अनुभव असावा. “म्हणजे साहेबांची ओळख आहे म्हणा की पोरीची,” ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली आणि जिन्याकडे जायला सूप बाजूला घेतलं. “एवढी ओळख असून नळाचं बोलली नाही कधी.”

वरचं दार बंद होतं, पण आत कुणीतरी हालचाल थांबवली हे कळलं. मायाक्काने कडी वाजवली. “सोनाली. मी माया सिस्टर.” दाराशेजारी खिडकी होती, गज होते, आतून एक फळी अर्धी लोटलेली. “सोनाली, आज सहा दिवस झाले.” “मला म्हैत हाय,” आतून आवाज आला, अगदी जवळून, ती दाराला टेकून बसलेली असावी. “मी बी नर्स हाय.” मायाक्का सवयीने दारापलीकडचा श्वास ऐकत होती, शेवटाला बारीक घरघर आहे का ते. “ड्यूटीवर जातेस का?” “कालपास्नं नगं म्हणाले. कागद काय दिला न्हाय. कागद द्यायला आमचं हाय काय त्येंच्याकडं?” मग आवाज आणखी जवळ आला. “सिस्टर, तेवढं सांगा. कोण सांगितलं त्यास्नी?”

वाक्य तयार होतं. मायाक्काने तोंड उघडलं आणि तिला दिसलं की हे वाक्य सोनालीला देऊन झालं की आपण पुन्हा तशाच हलक्या होऊन जिना उतरणार आहोत. “मी सांगितलं,” ती म्हणाली. “तुमी?” “हो.” “का?” “पुण्याला जाताना चार्ज दिला.” आता आतून जो आवाज आला तो हसण्याचा होता की खोकल्याचा, हे चौतीस वर्षांच्या कानांनाही ठरवता आलं नाही. “चार्ज,” सोनाली म्हणाली. नर्सला नर्सने ते समजावून सांगावं लागत नाही. “मी काय बेड हाय व्हय, सिस्टर?”

मायाक्काजवळ बोलण्यासारखं जे होतं ते सगळं मल्लव्वाविषयी होतं. खाली घरमालकीण कुणालातरी तेलुगूत काहीतरी सांगत होती आणि त्यात ‘साहेब’ हा शब्द दोनदा आला. “पट्टी आणलीय,” मायाक्का म्हणाली. “माझ्यावर राग धर. गोळ्यांवर धरू नकोस.” थोड्या वेळाने फळी बोटभर सरकली. “गजातनं द्या.” तिने डबा उघडला, सात नंबर काढला. हात बाहेर आला. मनगटावर सलाइन लावताना लागलेल्या सुईचा निळा डाग. पट्टी घेतली, हात आत गेला, फळी बसली. “आता जावा. पुना येऊ नका हितं. गोळ्या संपल्या की मी माजं बघीन कुटनं तरी.” मायाक्का उभीच राहिली. आत पट्टीतून गोळी फोडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ दुसरी, तिसरी. माठावरचं झाकण. पाणी. मग एक आवाज, जो घोट घेतल्याचा असेल किंवा मोरीत काही ओतल्याचा असेल. आता ‘तोंड उघड, जीभ वर कर’ असं म्हणायचं असतं. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, बापाच्या हाकेला मेंढरू यावं तसे आपोआप, आणि तिने ते परतवले. ‘घेतलीस का’ एवढंच विचारणार होती, तेही विचारलं नाही. डब्याचं झाकण लावलं, उरलेल्या दहा जणींचे पत्ते मनात चाळले आणि ती जिना उतरायला लागली. वर त्या खोलीत नक्की काय झालं, हे तिला माहीत नव्हतं; त्यामुळे कुणी विचारलं असतं तरी सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.